फोन नको, लेखी उत्तर द्या!



नोकरीत असताना एखादा ट्रॅकमन, पॉइंट्समन, सॉर्टर किंवा पोस्टमन दगावतो. दिवसकार्य उरकते न उरकते तोच त्याच्या घरात एक कागद तयार करावा लागतो. अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळावी म्हणून विधवेने किंवा मुलाने करावयाचा तो अर्ज. मृत्यूचा दाखला, वारसांचा तपशील, शाळेचा दाखला, उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र, इतर वारसांची ना-हरकत अशी सगळी चळत जोडून तो विभागीय कार्यालयात जातो. टेबलावरचा माणूस तो घेतो, वरवर चाळतो आणि म्हणतो, "ठीक आहे. महिन्याभराने फोन करून विचारा."

हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की त्यात काही वावगे आहे असे कुणाला वाटतच नाही. उलट, साहेबांनी नंबर दिला म्हणजे माणूस चांगला, असेच आपल्याला वाटते. पण अर्जदाराच्या हातून तिचा हक्क निसटायला सुरुवात होते ती याच वाक्यापासून. म्हणून या वाक्याविरुद्ध आपण संघटना म्हणून उभे राहिले पाहिजे.

महिन्याभराने ती फोन करते. साहेब मीटिंगमध्ये असतात. आठवड्याने करते, तर संबंधित क्लार्क रजेवर. पुढच्या वेळी "फाइल वर गेली आहे". त्यानंतर "वरून काही आले नाही, आले की कळवू". मग टेबल बदलते. नवीन माणूस विचारतो, "अर्ज कधी दिला होता? नंबर आहे का?" नंबर नसतो, कारण कुणी दिलाच नव्हता. दोन वर्षे गेली, पंचवीस-तीस फोन झाले. आणि या साऱ्याचा पुरावा काय? काहीच नाही. कार्यालयाच्या दप्तरात या बाईने दोन वर्षांत एकदाही चौकशी केलेली नाही!

आपल्याच कामाचा नियम

बोललेल्या शब्दाची किंमत किती, हे रेल्वे आणि टपाल कामगाराला कुणी शिकवायला नको. दोन स्टेशन मास्तर फोनवर बोलतात तेव्हा नुसत्या "हो, सोडा" या शब्दावर गाडी सुटत नाही. प्रायव्हेट नंबर दिला-घेतला जातो, रजिस्टरमध्ये वेळेसह नोंद होते, मगच पुढचे. उद्या अपघात झाला तर कुणी काय सांगितले हे त्या नोंदीवरून ठरते. टपालातही नोंदणीकृत वस्तू नंबराशिवाय हलत नाही. पूर्वी यादीत लिहून सहीने ताब्यात दिली जाई, आज बारकोड स्कॅन होतो. ती कुठल्या दिवशी कुणाच्या ताब्यात होती हे सांगता आलेच पाहिजे. सांगता आले नाही तर पोस्टमनवर चार्जशीट येते.

ज्या प्रशासनाने आपल्याला हा नियम लावला, तेच प्रशासन मेलेल्या कामगाराच्या बायकोचा अर्ज मात्र नंबराशिवाय, नोंदीशिवाय, निव्वळ तोंडी कारभारावर ठेवते. एका पाकिटाला जेवढा मान आहे तेवढा या अर्जाला का नसावा?

फोनला कायदा ओळखत नाही

आता याची किंमत काय मोजावी लागते ते पाहा. केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपल्या भाषेत 'कॅट'कडे जायचे तर १९८५ चा प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा लागू होतो. त्याचा हिशेब सर्वसाधारणपणे असा आहे : लेखी निवेदन द्यायचे, त्यावर निर्णय आला नाही तर सहा महिने थांबायचे, आणि ते सहा महिने संपल्यापासून एक वर्षाच्या आत दाद मागायची. निर्णय आला तर त्या तारखेपासून एक वर्ष. हे घड्याळ कागदाच्या तारखेवर चालते. फोनवर कितीही गयावया केली तरी ते निवेदन ठरत नाही. शिवाय एकाच मागणीची निवेदने पुन्हा पुन्हा देत राहिल्याने मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली एस. एस. राठोड यांच्या प्रकरणातच सांगून ठेवले आहे. मग "पुढच्या आठवड्यात करा" या आश्वासनाने मुदत कशी वाढणार?

टपालाची गोष्ट वेगळी. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ सांगते की एखाद्या कायद्यानुसार टपालाने बजावायचा कागद बरोबर पत्ता लिहून, पुरेसा आकार भरून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो पोहोचला असे मानले जाईल. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या देशाचा कायदा टपालाच्या शिक्क्यावर असा विश्वास ठेवत आला आहे. फोनवरच्या आश्वासनावर असा विश्वास कुठल्याही कायद्याने ठेवलेला नाही. कामगाराच्या कुटुंबाने तो का ठेवावा?

अनुकंपेच्या बाबतीत तर उशीर हाच फास बनतो. १९८९ साली सुषमा गोसाईं यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणाले की अशा नियुक्तीत विलंब होता कामा नये, कारण कुटुंबावर कोसळलेल्या संकटातून त्याला सावरणे हाच तिचा हेतू आहे. १९९४ साली उमेश कुमार नागपाल प्रकरणात न्यायालयाने याच हेतूची दुसरी बाजू पुढे आणली : ही नेमणूक तात्काळ संकटासाठी आहे, बराच काळ लोटल्यावर आणि संकट टळल्यावर ती हक्क म्हणून मागता येणार नाही. या दुसऱ्या वाक्याचा प्रशासन कसा उपयोग करते हे आपण जाणतो. आधी चार वर्षे फोन करायला लावायचे, आणि बाई कोर्टात गेली की वकिलाने उभे राहून म्हणायचे, "महाराज, चार वर्षे कुटुंब जगलेच ना? म्हणजे संकट नव्हतेच!" ती धुणीभांडी करून जगली, मुलाने शाळा सोडली, दागिने गहाण पडले, हे फाइलमध्ये नसते. आणि चार वर्षांचा उशीर कुणी केला, हेही फाइलमध्ये नसते. ज्याने फोन करायला सांगितले तो नामानिराळा राहतो.

२०२२ साली ओडिशातील मलय नंद सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अनुकंपेच्या अर्जावर निर्णय झाला पाहिजे. हा निकाल आपल्या हातातले हत्यार आहे. पण सहा महिने कधीपासून मोजायचे? अर्ज दिल्याच्या तारखेपासून. ती तारीख सिद्ध करणारी पोचच नसेल तर हे हत्यार म्यानातच राहणार.

खरे कारण झाकण्याचा पडदा

फोन करायला सांगण्यामागे नुसता आळस नाही. केंद्र सरकारच्या धोरणानुसार टपाल खात्यात अनुकंपेसाठी थेट भरतीच्या जागांपैकी फक्त ५ टक्के जागा मिळतात. थेट भरतीच रोखली, पदे रिकामी ठेवली किंवा रद्द केली, की त्या ५ टक्क्यांत किती जागा उरणार? मग सर्कल ऑफिसच्या समितीपुढे अर्जांचा ढीग, त्यांना गुण लावून चढाओढ, आणि एका विधवेने दुसऱ्या विधवेपेक्षा अधिक गरीब असल्याचे सिद्ध करायचे! हे सत्य लेखी द्यायचे म्हटले तर सरकारला लिहावे लागेल की जागा नाहीत, आणि त्या का नाहीत हेही सांगावे लागेल. त्यापेक्षा फोनवर "बघू, करू" म्हणणे सोपे. तोंडी कारभार हा भरतीबंदीचा बुरखा आहे.

आणखी एक जुना अनुभव विसरू नका. ५ मे २००३ च्या आदेशाने सरकारने ठरवले की अनुकंपेचे नाव जास्तीत जास्त तीन वर्षेच विचारात राहील, मग प्रकरण बंद. अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही मर्यादा टिकू दिली नाही आणि २६ जुलै २०१२ रोजी सरकारला ती मागे घ्यावी लागली. अशा वेळी "आमचे प्रकरण पुन्हा उघडा" असे म्हणायला हातात काय लागते? अर्जाची तारीख आणि प्रकरण बंद केल्याचे पत्र. ज्याच्याकडे कागद आहे तोच परत दार ठोठावू शकतो.

आपल्या मुलांना कोण फोन करायला सांगते?

आता थेट भरतीकडे या. आपली मुले रेल्वे भरती बोर्डाच्या परीक्षांना बसतात, ग्रामीण डाक सेवकासाठी अर्ज करतात. नोकरीविषयक पुस्तके आणि क्लासवाले त्यांना शिकवतात की अर्ज केल्यावर आठवड्याने फोन करावा, त्यातून उत्सुकता दिसते. खासगी दुकानदारीत मालकाच्या मर्जीवर नोकरी असते, तिथे असेल तसे. पण सार्वजनिक नोकरीचा पाया राज्यघटनेचे १६ वे कलम आहे, समान संधीचे. तिथे फोनने फरक पडत असेल तर त्याचा अर्थ एवढाच की ज्याच्याकडे साहेबाचा नंबर आहे तो पुढे आणि गँगमनचा मुलगा मागे. आपल्याला तसला फरक नकोच आहे.

आणि आकडे तरी बघा. २०१९ मध्ये रेल्वेने लेव्हल १ च्या १ लाख ३ हजारांवर जागा जाहीर केल्या, त्यांना १ कोटी १५ लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा सुरू व्हायला ऑगस्ट २०२२ उजाडला, तीन वर्षे उलटून गेली! प्रत्येकाने एकदाच, दोन मिनिटांचा फोन केला असे धरले तरी आठ तासांच्या पाळीने एका माणसाला सुमारे ४८ हजार दिवस नुसते फोनच घ्यावे लागले असते. फोन हा या प्रश्नाचा इलाजच नाही. वेळापत्रक जाहीर करणे आणि ते पाळणे हा इलाज आहे. त्याच २०१९ च्या एनटीपीसी भरतीचा निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागला तेव्हा बिहार आणि उत्तर प्रदेशात तरुण रुळांवर का उतरले? त्यांच्या तक्रारी निकालाच्या पद्धतीविषयी होत्या, पण तीन वर्षे ताटकळल्याचा संतापही त्यात होताच.

या ताटकळण्यावर ठग पोसले जातात. अर्ज केलेला मुलगा फोनची वाट पाहत असतो, आणि एके दिवशी फोन खरोखरच येतो! "तुमचे काम होईल, थोडे पैसे भरा." २०२२ साली तमिळनाडूच्या २८ तरुणांना टीटीई, क्लार्क अशा नोकऱ्यांचे आमिष दाखवून नवी दिल्ली स्टेशनच्या फलाटांवर महिनाभर रोज आठ तास येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या आणि डबे मोजायला लावले. हे प्रशिक्षण आहे असे त्यांना सांगितले होते. दोन कोटी ६७ लाख रुपये बुडाल्याची तक्रार दिल्ली पोलिसांकडे नोंदली गेली. फलाटावर गाड्या मोजणाऱ्या त्या मुलांना हसू नका. जिथे खरे कार्यालय लेखी उत्तर देत नाही तिथे खोट्या कार्यालयाचा फोन खरा वाटू लागतो. भरतीच्या जाहिरातींत दलालांपासून सावध राहण्याची सूचना असते, टपाल खाते तर उमेदवारांना आम्ही फोन करत नाही असे स्पष्ट सांगते. मग त्याच खात्यांच्या कार्यालयांत मृताच्या वारसाला "फोन करा" हे उत्तर कसे चालते?

इथे प्रशासनाची सबब पुरती उघडी पडते. एक कोटी अर्जदारांना रजिस्ट्रेशन नंबर देता येतो, अर्ज स्वीकारला की नाकारला हे संगणकावर दाखवता येते. एका डिव्हिजनमध्ये अनुकंपेचे अर्ज त्या मानाने मूठभर. त्यांना नंबर आणि स्थिती दाखवता येत नाही हे कोण मानेल?

"अहो, फोन ही तर गरिबाची सोय"

असा आक्षेप आपल्यातलेच काही जण घेतील, आणि त्यात तथ्य आहे. भुसावळ किंवा सोलापूरच्या डीआरएम ऑफिसला खेड्यातून यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि भाडे जाते. इटारसी, जबलपूर, सिकंदराबाद, हुबळीकडे नोकरी केलेल्या आपल्या मराठी बांधवांची कुटुंबे मृत्यूनंतर क्वार्टर सोडून गावी परततात. ती दर महिन्याला तिकडे कशी जाणार? फोन करू नका असे आम्ही म्हणत नाही. फोनवर भिस्त ठेवू नका असे म्हणतो. शिवाय परमुलखातल्या कार्यालयातून हिंदी, तेलुगू किंवा कन्नडमध्ये घाईघाईने सांगितलेले दोन शब्द त्या माउलीला किती कळणार? पत्र असेल तर ते शेजाऱ्याला, शाखा कार्यालयाला, वकिलाला दाखवता येते. फोनवर ऐकलेले कुणाला दाखवणार?

म्हणून फोन केला तर तो असा करावा. एका वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव, पदनाम आणि त्याने काय सांगितले ते लिहावे. नाव विचारायला लाजू नये. आणि त्याच दिवशी कार्यालयाला चार ओळींचे पत्र टाकावे :

"आज दि. ... रोजी ... वाजता आपल्या कार्यालयातील श्री./श्रीमती ..., पदनाम ..., यांच्याशी माझे दूरध्वनीवर बोलणे झाले. माझा दि. ... चा अर्ज ... यांच्याकडे प्रलंबित असल्याचे मला सांगण्यात आले. यात काही चूक असल्यास लेखी कळवावे. अर्जावरील निर्णय कधी होईल तेही कळवावे."

एवढ्याने फोन कागदावर येतो. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. तेव्हा स्पीड पोस्टबरोबर रजिस्ट्रेशनची सेवा मागून घ्यावी, पोहोचल्याचा पुरावा घ्यावा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी.

महिना-दोन महिन्यांत उत्तर नाही आले तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तीही माफ. अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. केंद्र सरकारच्या अनेक खात्यांचे असे अर्ज ठरावीक टपाल कार्यालयांतही स्वीकारले जातात. आपल्या अर्जावर कुठल्या तारखेला कुणी काय कारवाई केली, आज तो कुठल्या पदावरील अधिकाऱ्याकडे आहे, एवढेच विचारावे. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. नाही दिले तर पहिले अपील करावे. विनाकारण टाळणाऱ्या माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. याच कायद्याच्या कलम ४ नुसार प्रशासनाने घेतलेल्या निर्णयाची कारणे त्याची झळ पोहोचलेल्या व्यक्तीला कळवणे बंधनकारक आहे. "नामंजूर" हा एकच शब्द लिहून भागत नाही.

आपल्या घरातही झाडू मारा

टेबलावरचा क्लार्क आपला शत्रू नाही, हे नीट समजून घ्या. तो आपलाच सभासद आहे. तीन माणसांचे काम एकट्याने करतो आहे, दिवसभर वाजणाऱ्या फोनने तोही हैराण आहे. निर्णय त्याच्या हातात नाही, पण शिव्या त्याच्या वाट्याला. लेखी पद्धत आली तर त्याचाही जाच कमी होईल. तेव्हा या लढ्यात पर्सोनेल ब्रँचमधला आणि सर्कल ऑफिसमधला कर्मचारी आपल्या बाजूला असला पाहिजे.

पण काही शाखांमध्ये आणखी एक रोग शिरला आहे. पदाधिकारी खिशातून फोन काढतो, सर्वांसमक्ष साहेबाला लावतो, दोन शब्द बोलतो आणि म्हणतो, "सांगितले आहे, होईल काम." विधवा हात जोडते. पदाधिकाऱ्याचे वजन वाढते. अर्ज मात्र होता तिथेच राहतो. हे युनियनचे काम नव्हे, ही मेहेरबानीची दुकानदारी आहे. हक्काची मागणी मेहेरबानीवर नेऊन ठेवली की उद्या साहेब तीच मेहेरबानी दाखवून पदाधिकाऱ्याचे तोंड बंद करतो. ज्या शाखेकडे प्रलंबित अनुकंपा अर्जांची तारीखवार यादी नाही, तिने साहेबांना कितीही फोन केले तरी त्या कामाला काम म्हणता येणार नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने एक वही घालावी. मृत कामगाराचे नाव, मृत्यूची तारीख, अर्जाची तारीख, डायरी नंबर, सहा महिने कधी पुरे होतात ती तारीख. रेल्वेत कल्याण निरीक्षकाने कुटुंबाला मदत करून अर्ज पुरा करून घ्यायचा असतो. तो गेला होता की नाही, हेही त्या वहीत लिहावे. ही वही घेऊनच पीएनएमच्या आणि टपालातल्या मासिक बैठकीला बसावे, आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

आपल्या मागण्या अशा :

१. अनुकंपेचा प्रत्येक अर्ज घेताच, त्याच वेळी, क्रमांक व तारखेसह सहीशिक्क्याची पोच द्या.

२. त्रुटी असतील तर त्या एकदाच आणि लेखी कळवा. दर खेपेला नवा कागद मागणे बंद करा.

३. परिपूर्ण अर्जावर सहा महिन्यांत कारणांसह लेखी निर्णय द्या. निर्णय झाला नाही तर कुठल्या टेबलावर थांबला ते कुटुंबाला कळवा.

४. अर्जाची स्थिती क्रमांकावरून पाहण्याची सोय जिथे आहे तिथे तिची माहिती कुटुंबाला द्या, नाही तिथे सुरू करा.

५. कार्यालयात चौकशीचा फोन आला की त्याची नोंद ठेवा आणि चौकशी करणाऱ्याला नोंदीचा क्रमांक द्या.

६. रिकामी पदे भरा, भरतीचे वेळापत्रक जाहीर करा, ते पाळा. आणि अनुकंपेवरील ५ टक्क्यांची मर्यादा उठवा.

यातल्या पहिल्या पाच मागण्यांना सरकारचा फारसा पैसा लागत नाही. एक रबरी शिक्का, एक रजिस्टर आणि उत्तर देण्याची दानत एवढेच लागते. तेवढेही मिळत नसेल तर त्याचा अर्थ उघड आहे : प्रशासनाला जबाबदारी नको आहे. ती त्याच्यावर टाकायची तर सुरुवात आपल्या शाखेपासून करू या. येत्या सर्वसाधारण सभेपूर्वी आपल्या विभागातल्या प्रत्येक प्रलंबित अर्जदाराच्या हातात पोच पडली पाहिजे. ज्यांना ती मिळणार नाही त्या सर्वांचे अर्ज घेऊन आपण एकाच दिवशी, एकत्र, विभागीय कार्यालयावर जाऊ आणि शिक्का मारून घेतल्याशिवाय परतणार नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!